काटा शून्यावर येईना

नामांतराचं आंदोलन पेटलं होतं त्या काळात कुणी आडनाव विचारलं की मी लगेच सावध व्हायचो. जिंतूरजवळच्या माळावर कापसावर फवारणी करणारं छोटं विमान उतरायचं. त्याच्या इंजिनाच्या धुरात विषारी वायू किती, ते मोजायला मला पाठवलं होतं. यंत्र इन्फ्रारेड किरणांवर चालायचं. नळीतून धूर आत यायचा, त्यातला वायू ते किरण गिळायचा, तसा काटा सरकायचा.

यंत्राच्या राखणीला ठेकेदारानं पन्नाशीचा एक मेंढपाळ ठेवला होता. हंगामभराचं काम मिळालं म्हणून तो मेंढरं भावाकडे सोपवून आला होता. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "साहेब, आडनाव काय म्हणलाव तुमचं?" मी सांगितलं. तो नुसता "बरं" म्हणाला. ते 'बरं' मला अजिबात आवडलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून इंजिन बंद असतानाही काटा शून्यावर येईना. मी जेवून परत आलो की यंत्राचा पत्रा ओलसर लागायचा. हा बोटांचे ठसे पुसतो की काय?

"यंत्राला हात लावला का?"

"न्हाई साहेब, बटनाला बोट बी लावलं न्हाई."

माझ्या डोक्यात पक्कं बसलं, आडनाव कळल्यापासून हा माझं काम बिघडवतोय. माणूस विश्वासाचा नाही, अशी चिठ्ठी मी ठेकेदाराला दिली. त्याला त्याच संध्याकाळी काढलं. दोन दिवसांत काटा शून्यावर आला आणि मी स्वतःवरच खूश झालो.

त्या दुपारी तो मेंढपाळ खांद्यावर निथळतं पोतं घेऊन आला. "नवा माणूस वल्लं पोतं टाकायलाय का न्हाई? उन्हानं यंत्र बिघडतंय म्हणलाव न्हाई का तुमी? तुमी जेवायला गेलाव की मी टाकायचो, रांजणावर टाकतेत तसं."

पाण्याची वाफही तेच किरण गिळते. हे मला चांगलं ठाऊक होतं. नळीत ओल शिरली होती, आणि मी नळी सोडून या माणसावर डोळा ठेवून बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

तसाच उठून ठेकेदाराकडे गेलो, चूक कबूल केली. त्यानं माझीच चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, "आता दुसऱ्याला शब्द दिलाय."

परत आलो तर तो यंत्रावर पोतं पसरत होता, चारी कोपरे नीट ओढून. मला त्याला थांबवता आलं नाही.