मुहर्रकमध्ये फॅशनचे फोटो, पण चेहरा दिसता कामा नये

"बाईमाणूसच पाहिजे," शेठ म्हणाले, म्हणून मी बहारीनला गेले. हौस वगैरे काही नव्हती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मुंबईत एका कापड निर्यातदाराच्या स्टुडिओत मी डार्करूम सांभाळायचे. शेठचं कापड बहारीनला जायचं, आणि तिथल्या बायकांनी त्याचे शिवलेले कपडे घालून कॅटलॉगमध्ये झळकावं अशी हुक्की त्यांना आली. त्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर उभ्या राहणार नाहीत हे कळल्यावर कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. फोटो जमले तर फोटोग्राफर, नाही जमले तर परत अंधाऱ्या खोलीत, हे तोंडावर सांगून. आणि फिल्म दिली कृष्णधवल! "रंग दाखवायला शेजारी कापडाचे तुकडे चिकटवू," म्हणाले. मी कपाळावर हात मारला आणि बॅग भरली.

तुम्ही जाणार असाल तर डिसेंबरात जा. मला ऑगस्टमध्ये धाडलं. विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसला, पुन्हा वाफ. माझी मावशी उम्म अल हस्सम नावाच्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, मूळचे कुडाळचे. हिद्द गावाकडे कामगारांची बस चालवायचे. राहण्याचा खर्च वाचला आणि हामूर माशाचं तिखट कालवण रोज मिळालं, एवढंच त्या प्रवासात बिनतक्रार पार पडलं.

पहिल्या दिवशी सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, हिंडले. वाटलं होतं, सगळीकडे बायकांचे काळे, पायघोळ अबाये दिसतील. पण एका दुकानात त्याच अबायाखालून उंच टाचांचे बूट आणि खांद्यांना पॅड लावलेला पॅरिसचा फ्रॉक डोकावला. शेजारच्या शिंप्याकडे सफारी सूट, पलीकडे पुरुषांच्या लांब, पांढऱ्याशुभ्र थोबांचे गठ्ठे, आणि बेलबॉटम घातलेली मुलं कॅसेटच्या दुकानाबाहेर उभी. कॅमेरा उचलला की मात्र सगळे तोंड फिरवत. टॅक्सीवाल्याशी आधी भाडं ठरवून घ्या. मी ठरवलं नव्हतं, त्याने दुप्पट भाडं घेऊन माझ्या वैतागात भर घातली.

ज्यांच्याकडे फोटो काढायचे होते त्या उम्म खालिद, शेजारच्या मुहर्रक बेटावर बायकांचे कपडे शिवणाऱ्या. शेठच्या जुन्या गिऱ्हाईक. भारतीय व्यापाऱ्यांशी बोलून बोलून मोडकीतोडकी हिंदी यायची. मला कहवा दिला, खजूर दिले, आणि मग अट घातली.

"फोटो निकालो. चेहरा मफी."

मफी म्हणजे नाही. फॅशनचे फोटो, चेहऱ्याशिवाय! मी शेठचं म्हणणं समजावायला गेले. त्यांनी कपात पुन्हा कहवा ओतला.

अरादच्या किल्ल्यापाशी फोटो काढू म्हटलं, तर तिथे पोचल्यावर कपडे घालून दाखवायला आलेल्या बायका गाडीतून उतरेनात, कारण लांबवर दोन कोळी जाळं सुकवत होते. मी उतरले, तर थंड गाडीतून काढलेल्या लेन्सवर धुकं. ती साफ होईपर्यंत उम्म खालिद म्हणाल्या, "यल्ला, घर चलो." शेवटी त्यांच्या घराच्या अंगणात, भिंतीच्या सावलीत काम सुरू केलं. संध्याकाळी मावशीच्या न्हाणीघरात खिडकीला गोधडी लावून पहिला रोल धुतला. थंड पाण्याचा नळ सोडला आणि फिल्मवरचा थर सायीसारखा घसरून मोरीत गेला. अख्ख्या दिवसाचं काम!

"अगो, टाकी गच्चीर उन्हात," काका म्हणाले. "हंय थंड नळाकच गरम पाणी येता."

"मग आधी सांगायचंत ना!"

"माका काय ठाऊक तू फोटो धुतलंस? माका वाटला, कपडे."

दुसऱ्या दिवशी बर्फाची लादी आणून ठेवली आणि पुन्हा मुहर्रक गाठलं. त्या दिवशी उम्म खालिदनी पेटीतून नशल काढला. नेहमीच्या कपड्यांवरून घालायचा झिरझिरीत, प्रचंड रुंद झगा, पुढून सगळा जरीने भरलेला. बाही इतकी मोठी की उचलून डोक्यावर घ्यायची. त्यांची मुलगी मरियम बँकेत नोकरीला होती. ती तो घालून उभी राहिली. मी हात टिपले, पाठ टिपली, वाऱ्यावर फुगलेली बाही टिपली. चेहऱ्याशिवायही काहीतरी जमतंय असं पहिल्यांदाच वाटलं.

दुपारी उम्म खालिद नमाजाला आत गेल्या. मरियमने बाही डोक्यावर घेतली, वळली आणि थेट लेन्समध्ये बघितलं.

"काढ," ती इंग्रजीत म्हणाली.

"तुझ्या आईने नको म्हटलंय."

"आईने तिच्या चेहऱ्याबद्दल ठरवावं. हा माझा आहे. तुझ्या कॅटलॉगसाठी नको, माझ्यासाठी हवाय."

मी काढले. एक नाही, चांगले पाच-सहा. उम्म खालिद दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, दोघींनाही कळलं नाही. मग मायलेकींचं अरबीत असं काही जुंपलं की शब्द न कळताही सगळं कळत होतं. शेवटी त्यांनी माझ्यापुढे हात केला.

"कॅमेरा खोलो."

कॅमेरा उघडला तर उजेड लागून सगळा रोल गेला असता, नशलही त्यातच. मी कॅमेरा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. भीती वाटत होती आणि संतापही आलेला होता. पहिला रोल मोरीत, आता दुसराही? "आप मेरे साथ चलो," मी म्हटलं. "आपके सामने धोऊंगी. मरियमके फोटो काटके आपको दूंगी." त्यांनी अबाया उचलला.

तर मावशीच्या हॉलमध्ये उम्म खालिद सोफ्याच्या एका टोकाला, मरियम दुसऱ्या टोकाला, मध्ये मावशीचे कांदेपोहे. कुणी बशीला हात लावत नव्हतं. मी न्हाणीघरात घामाने भिजत, बर्फ टाकत, थर्मामीटरवर डोळा ठेवून फिल्म धुवत होते. यावेळी थर टिकला. ओली पट्टी घेऊन बाहेर आले, मरियमचे फोटो कापले आणि उम्म खालिदच्या हातात दिले.

त्यांनी पट्टी खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सगळं उलट दिसतं. मरियमचा गोरा चेहरा काळसर, सावल्या उजळ, आणि डोक्यावरच्या झिरझिरीत बाहीखाली तिचे काळेभोर केस पांढरेशुभ्र. त्यांनी पट्टी आणखी डोळ्यांजवळ आणली.

"मेरी माँ," त्या म्हणाल्या. "उसका फोटो मफी. कभी नहीं निकाला."

मरियम उठून शेजारी गेली. तिने बघितलं, पुन्हा बघितलं, आणि हताशपणे माझ्याकडे वळली. "मी माझा फोटो मागितला होता," ती म्हणाली. "त्यातही आजीच आली!" आणि मग डोळे पुसत हसायला लागली. मी छापून देऊ का म्हणून विचारलं. छापला असता तर ती पुन्हा मरियम झाली असती. उम्म खालिदनी मानेनेच नको म्हटलं आणि पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. मरियमने हट्ट धरला नाही. मग मावशीने पोहे पुन्हा गरम केले.

मुंबईत शेठनी फोटो टेबलावर पसरले आणि ओरडले, "डोकी कुठायत?" मी सांगितलं, डोकी बहारीनला राहिली. तिकिटाचा खर्च झालाच होता म्हणून त्यांनी चडफडत कॅटलॉग छापला. मालाला मागणी आली, आणि मला त्या अंधाऱ्या खोलीत परत पाठवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे कितीतरी सुंदर मुलींचे फोटो काढले. त्यांतल्या बऱ्याच जणींची नावंही आठवत नाहीत. मरियमचा एकही फोटो माझ्याकडे नाही. आता तिनेही साठी ओलांडली असेल. केस रंगवत नसेल, तर आज ती कशी दिसते हे मला माहीत आहे.