साळवेकाका आणि मी जोडलेली जास्तीची तार

आदरणीय शांतवनकाका साळवे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा ते माझीच चूक शोधायला आले होते. वाल्वचे रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करण्याच्या कामात मी त्यांचा रीतसर शिष्य नाही. खरे तर मी कोणाचाच शिष्य नाही; जुने रेडिओ उघडून, बोटे भाजून घेत शिकलो. त्यामुळे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात माझे नाव पाहून काकांच्या नेवाशातील जुन्या गिऱ्हाइकांना नवल वाटेल. म्हणून घडले ते सांगतो.

नगरमधील एका चर्चच्या गायकमंडळाच्या प्रमुख सुशीलाबाई या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या दिवंगत पतींचा गिटारचा वाल्वचा अँप्लिफायर त्यांनी माझ्याकडे आणला. मंडळाला गिटारच्या आवाजात जरा जास्त जोर हवा होता. मी त्यात आवाज वाढवणारी आणखी एक काचेची नळी, म्हणजे वाल्व, घातला. सोल्डरचा प्रत्येक डाग चकचकीत, प्रत्येक तार काटकोनात. पण चालू करताच, गिटारला कोणी हात न लावताही, डबा घुमू लागला. मी कंडेन्सर बदलले, नवे वाल्व घातले. घुमणे तसेच. शेवटी बाईंना म्हणालो, दोष विजेच्या लाईनीतच आहे.

बाईंनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा आवाज आहे हो तो. जोर नको, पण होता तसा तरी परत द्या."



काकांना बाईंनीच बोलावले. ते नेवाशाहून एसटीने माझ्याकडे आले; पिशवीत एक पंचा आणि तारा हलवून पाहायची एक लाकडी पट्टी. मी सोल्डरिंग आयर्न पुढे केला, त्याला त्यांनी हातही लावला नाही. आधी कंडेन्सरमध्ये साठलेला करंट उतरवला. मग माझा डावा हात चेसिसवर, म्हणजे डब्याच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, टेकलेला पाहून म्हणाले, "मिस्त्री, तो हात खिशात घाला. दोन्ही हातांनी काम करनारे लई जन मातीला पोचवून आलोय मी."

नंतर त्यांनी गिटारच्या बाजूचा पहिला वाल्व पंचाने धरून काढला आणि डबा पुन्हा चालू केला. घुमणे थांबले.

"लाईनीचा दोष हाय म्हनता ना? मग एक वाल्व काढल्यावर लाईन कुठं गेली?"

दोष त्या वाल्वपाशी किंवा त्याच्या आधी आहे, एवढे दाखवून काका चहा घेत बसले. पुढचा शोध त्यांनी माझ्यावर सोपवला. पाऊण तासाने सापडले. गिटारची पिन खोचायच्या जागेपासून पहिल्या वाल्वपर्यंत मी जाळीच्या आवरणाची नवी तार नेली होती आणि जाळी दोन्ही टोकांना चेसिसला जोडली होती. एका टोकाने काम भागते. दुसरे मी नीटनेटकेपणाच्या हौसेने जोडले, आणि करंट त्या जाळीतूनच गोल फिरत राहिला; तेच ते घुमणे. एक डाग सोडवला, वाल्व परत बसवला. डबा शांत.

तेवढ्यात बाई आल्या. लाईनीची गोष्ट तशीच राहिली तर बरे, असे मला वाटले, लपवत नाही. मी काकांकडे पाहिले.

"सांगायचं तुमी," ते हळू आवाजात म्हणाले. "मी नुसतं ऐकायला आलोय."

मी सांगितले. बाईंनी स्पीकरजवळ कान नेऊन घुमणे खरोखर थांबले का ते ऐकले. मग त्यांनी माझ्यादेखत काकांना विचारले, की यापुढेही हा डबा यांच्याकडेच देऊ का.

"द्या. हात चांगला हाय. आनि चुकलो म्हनायला तोंड बी हाय."

दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाला काका गिऱ्हाइकासमोर कधी नावे ठेवत नाहीत, हे मला नंतर नेवाशाला जात राहिल्यावर कळले. एकांतात मात्र सोडत नाहीत. माझ्या एकेका डागावरून त्यांनी मला अर्धा अर्धा तास सुनावले आहे, आणि मग काकूंना माझ्यासाठी भाकरी टाकायला सांगितली आहे. तो अँप्लिफायर आजही दर नाताळाआधी माझ्याकडेच येतो.

काकांचे गुडघे आणि कान त्यांना पुष्कळ वर्षे साथ देवोत. स्वतःची चूक गिऱ्हाइकाला सांगताना मला अजूनही घाम फुटतो. तो फुटायचा थांबेपर्यंत काकांनी ठणठणीत राहून समोर बसावे, एवढेच मागणे. आणि माझा स्वभाव पाहता तो घाम इतक्यात थांबायचा नाही, तेव्हा ते शंभरी सहज ओलांडतील.