जागा धरणाऱ्या सुलेखाबाई

सिंगापुरातल्या हौगांगच्या सुलेखाबाई आगाशे एकट्या ॲमस्टरडॅमला निघाल्यात, ही बातमी ज्यानं ज्यानं ऐकली त्यानं आधी ‘‘एकट्या?’’ असंच विचारलं. आता यात एवढं किंचाळण्यासारखं काय होतं, सांगा! बाईंनी पन्नाशी ओलांडलेली, उभा संसार तिथंच केलेला. एका दातांच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसून त्या भल्याभल्यांना मुकाट रांगेत बसवत. पण नवऱ्यावाचून त्या कधी चांगी विमानतळाच्या पलीकडे गेल्या नव्हत्या, हेही खरं. त्यांचा पासपोर्टसुद्धा नवऱ्याच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये असायचा. तो काउंटरवर काढून द्यायचा आणि ह्या मागे उभ्या राहून नुसत्या हसायच्या.

नवरा म्हणजे प्रबोध. जुरोंग ईस्टच्या एका कंपनीत आयटी मॅनेजर. माणूस लाखात एक, पण काळजीचा कारखाना. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी दोघांची तिकिटं त्यानंच काढली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात ऑफिसात कसलीशी नवी सिस्टिम चालू व्हायचं ठरलं आणि हा म्हणाला, ‘‘रद्द करू या. पुढच्या वर्षी बघू.’’ अशी पुढची वर्षं सुलेखाबाईंनी बरीच बघितली होती. त्या आमटीला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, ‘‘तुमचं रद्द करा. मी जाते.’’

लेक गार्गी खोलीतून ओरडली, ‘‘गो लाह, आई! व्हाय नॉट?’’ दोन दिवस घरात धुसफूस झाली आणि शेवटी प्रबोध एका अटीवर तयार झाला. रोज तिथल्या दुपारी एक वाजता तो फोन करणार. ‘‘एक जरी फोन उचलला नाहीस ना, तर तुझं परतीचं तिकीट त्याच रात्रीचं करून टाकीन. बुकिंग माझ्याकडे आहे, लक्षात ठेव.’’ आणि प्रबोध बोलला की करतो. म्हणजे बाईंना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे असे चार दिवस मिळाले होते आणि ते चारही दिवस त्या एका फोनवर टांगलेले होते.

पहिल्या दिवशी हॉटेलातून बाहेर पडल्या त्या प्रबोधची ऑफिसची काळीकुट्ट सॅक पाठीला लावून. पासपोर्ट, फोन, छत्री, चकल्या, सगळं त्यात. आणि बाहेर पाऊल टाकतात तोच अंगावर सायकल! एक नाही, झुंडच्या झुंड. कुणी हॉर्न नाही, कुणी ब्रेक नाही, नुसती घंटी आणि शिवी. एक बाई पुढच्या खोक्यात दोन पोरं आणि एक कुत्रं घालून, वर फोनवर बोलत, भर्रकन निघून गेली. ‘‘अगं आई गं,’’ म्हणत सुलेखाबाई भिंतीला चिकटल्या. वर बघतात तर ती भिंतच वाकडी! कालव्याच्या काठानं उंच, अरुंद घरं एकमेकींच्या खांद्यावर रेलून उभी. आणि कालव्याला कठडा नाही. सरळ रस्ता, मग पाणी. सिंगापुरात अशा जागी कठडा असता, कठड्यावर पाटी असती आणि पाटीवर दंडाची रक्कम असती. इथं त्या पाण्यालगत गाड्या लावलेल्या होत्या आणि काठावर पाय सोडून माणसं सँडविच खात बसली होती. बाईंचा आ वासलेला तो मिटेचना.

पण खरा धक्का पुढेच होता. न्याहारीसाठी त्या एका कॅफेत शिरल्या. टेबल मोकळं दिसलं तसं त्यांनी सवयीनं त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि काउंटरकडे गेल्या. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, टिश्यू ठेवला की जागा धरली. त्याला ‘चोप करणं’ म्हणतात. मग ते टेबल तुमचं. माणसं ताट हातात घेऊन उभी राहतील, पण त्या पाकिटाला बोट लावणार नाहीत. सुलेखाबाई कॉफी घेऊन परतल्या, तर त्यांच्या टेबलाशी एक उंचापुरा गोरा आजोबा बसलेला आणि त्यांच्याच टिश्यूनं फुर्रर्र करून नाक शिंकरतोय! वर हसून म्हणाला, किती छान सोय करतात हो इथं.

कॉफी त्यांनी उभ्यानं प्यायली. अरे, काही रीत आहे की नाही जगाला? बाहेर पडताना त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. या लोकांना टिश्यू कळत नाही ना, मग मोठी वस्तूच ठेवायला हवी.

आणि जेवणाच्या वेळेला त्यांनी तेच केलं.

पुलाजवळच्या कॅफेत काठावरचं एकच टेबल रिकामं होतं. अगदी पाण्यालगत, उन्हात. बाईंनी ती काळी सॅक टेबलाच्या मधोमध ठेवली, चिल्लरची छोटी पर्स तेवढी मुठीत घेतली आणि आधी बाथरूम शोधायला गेल्या. कॅफेतलं बंद होतं. तिथल्या वाढणाऱ्या पोरीनं पुलापलीकडचं दाखवलं. तिथं रांग, आणि आत जायचे पैसे! बाईंनी तोही धक्का पचवला. मोकळ्या होऊन परतल्या, तर समोर फाटक पडलेलं आणि पूलच उठून उभा राहिलेला! अख्खा रस्ता आभाळाकडे तोंड करून, आणि खालून एक लांबलचक बोट निवांत चाललेली. तिच्यामागं आणखी तीन.

सुलेखाबाई बघतच राहिल्या. पुलाखालून बोट जाते हे ठाऊक होतं, पण बोटीसाठी पूल बाजूला होतो? त्या इतक्या रंगून गेल्या होत्या की पलीकडच्या काठावर काय चाललंय हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा कॅफेतली पोरगी त्यांच्या सॅककडे बोट दाखवून टेबलाटेबलावर काहीतरी विचारत होती. माणसं माना हलवत होती. मग माणसं उठायला लागली. मग सायकलवरून दोन पोलीस आले. बघता बघता सगळा कॅफे रिकामा, भोवती पोलिसांची पट्टी आणि मधोमध एकट्या टेबलावर ती काळी सॅक.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सिंगापूरच्या मेट्रोत, एमआरटीत, रोज चार चार भाषांत घोषणा ऐकल्या होत्या, बेवारस वस्तू दिसली तर कळवा म्हणून. गेले काही महिने युरोपातल्या बॉम्बस्फोटांच्या बातम्या बघून प्रबोधचा जीव अर्धा झाला होता. आणि आपण काय केलं? जागा धरली! एका टेबलाऐवजी अख्खा कॅफे धरून बसलो!

शेजारचा एक पर्यटक करवादला, ‘‘कोण मूर्ख बॅग टाकून गेलाय?’’ सुलेखाबाईंनी मान खाली घातली.

तेवढ्यात सॅक वाजायला लागली.

एक वाजला होता. फोनवर सनई लावलेली होती, आणि उचलायचा राहू नये म्हणून बाईंनी आवाज पूर्ण वाढवलेला. भर कालव्यावर मंगल सूर घुमले आणि पट्टीजवळची माणसं किंचाळत मागे पळाली. एक पोलीस गाडीआड वाकून रेडिओवर भराभरा बोलू लागला. सनई थांबली. पुन्हा सुरू झाली. तिकडे प्रबोधच्या तोंडचं पाणी पळालं असणार, हे बाईंना इथून दिसत होतं. तो लॅपटॉप उघडेल. आज रात्रीचं तिकीट. चार दिवसांतला एकसुद्धा पुरता हाती लागायचा नाही. आणि मधे पाणी, आणि पूल वर! ‘‘अरे, खाली ये ना मेल्या!’’ सुलेखाबाई पुलावर ओरडल्या, अगदी शुद्ध मराठीत.

पूल खाली आला तशा त्या धावत सुटल्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हात वर करून पोलिसासमोर उभ्या राहिल्या. ‘‘माझी आहे. बॅग माझी आहे.’’

‘‘तुम्ही ती सोडून का गेलात?’’

‘‘टेबल धरायला.’’

पोलिसाला काही कळेना. त्यानं बाईंना पट्टीपलीकडे उभं केलं, नाव विचारलं, आत काय काय आहे ते विचारलं. शेवटी एकानं जपून चेन उघडली. चकल्यांचा डबा निघाला. मेतकूट निघालं. मग टिश्यूची पाकिटं निघाली, निघतच राहिली. सुलेखाबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं, हॉकर सेंटर, टिश्यू, सकाळचा आजोबा. दुसरा पोलीस आधी ओठ आवळून ऐकत होता. मग त्याला हसू आवरेना. त्यानं बाईंना चांगला दम भरला आणि मग सॅक हातात दिली. ती पुन्हा वाजतच होती.

‘‘कुठं होतीस?’’ प्रबोध ओरडला. ‘‘किती वेळा केला! तिकिटाचं पान उघडून बसलोय मी!’’

खोटं बोलता आलं असतं. पण बाईंच्या अंगात तेवढं त्राणच नव्हतं. त्यांनी सगळं सांगून टाकलं, पोलिसांसकट.

‘‘बॅग टेबलावर टाकून जातं का कुणी?’’ प्रबोध म्हणाला. ‘‘म्हणून सांगत होतो, एकटीनं जायचं नसतं. मी असतो तर...’’

मी असतो तर! सुलेखाबाईंना चित्र लख्ख दिसलं. हे असते तर म्हणाले असते, तू बस, जागा धर, मी बघून येतो. हॉकर सेंटरमध्ये, धबधब्यापाशी, देवळाच्या पायऱ्यांवर, सगळीकडे हेच. हे जाऊन बघून यायचे आणि काय बघितलं ते सांगायचे. आपण बॅगांपाशी. आज हे असते तर तो उठून उभा राहिलेला पूल ह्यांनी बघितला असता. बाईंना एकदम भडभडून आलं. राग आला, असा की आजवर कधी आला नव्हता.

‘‘तुम्ही असता तर त्या बॅगेच्या जागी मी असते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पंचवीस वर्षं टेबलंच राखतेय मी. आज पहिल्यांदा उठले हो.’’

कॅफेची माणसं परत येऊन बसत होती. काठावरच्या त्या टेबलाला मात्र अजून कुणी शिवलं नव्हतं.

‘‘तिकीट...’’ प्रबोध चाचरला. ‘‘तिकिटाचं काय करू मग?’’

‘‘काढा की. तुमचं. शनिवार-रविवार तरी या. पण आलात की टेबलापाशी तुम्ही बसायचं. मी जाऊन बघून येईन.’’

मग प्रबोधनं हळूच विचारलं, ‘‘बघून लवकर येशील ना परत टेबलापाशी?’’

‘‘पूल खाली असला तर,’’ सुलेखाबाई म्हणाल्या आणि सॅक पाठीला लावून जेवण आणायला आत गेल्या.