घशातले दात

आमच्या घरी मासा घेण्याआधी त्याचे दात बघायची पद्धत होती. पाहुणे हसायचे, कारण रोहूच्या तोंडात दात नसतात. मग आई त्याचा कल्ला उचलून घशाशी दडलेली दोन वाकडी हाडं दाखवायची. दात असायचे त्यांच्यावर. झिजून सपाट झालेले असले की मासा वैनगंगेचा, टोकदार असले की तळ्यातला. तळ्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो असं आईचं मत होतं, आणि त्या मतापुढे वडिलांचंही काही चालत नसे.

ही परीक्षा आईला शिकवली होती खुद्द मासेवालीनेच. माझ्या जन्माआधीपासून ती आमच्या बालाघाटच्या घरी यायची. टोपली उतरवायची, मासा निसटू नये म्हणून हाताला राख चोळायची आणि मासा उलटा करून आईपुढे धरायची. "नदीतला मासा गोट्यावरचं शेवाळ खरवडते, त्याच्यासंगं रेतीबी चावते," ती सांगायची. "तळ्यातल्याले कोंडा भेटते मऊ मऊ. त्याचे दात काहून झिजतीन?"

साठच्या दशकाची अखेर असावी. मी जबलपूरला प्राणिशास्त्र शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत डोक्यात हवा भरून घरी आले होते. त्या दिवशी मासेवालीने एका बाजूचा कल्ला उचलला, आईने वाकून पाहिलं आणि मासा ताटात ठेवला. दात टोकदार होते.

मला अक्कल पाजळायला एवढं पुरे होतं. "तळ्यातला आहे हा. जसं खाणं तसे दात, आम्हाला कॉलेजात शिकवतात. मावशी, खोटं कशाला बोलता?"

कुंपणापलीकडे दोन शेजारणी उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी बोलले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

मासेवालीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाई, मी तुमच्या दारात कधी खोटं बोलली का?" तिने आईला विचारलं. आई ताटातल्या माशाकडेच बघत राहिली. "नदीचा हाय," एवढंच म्हणून मासेवालीने टोपली डोक्यावर घेतली. मासा तिथेच ठेवून, पैसे न घेता ती निघून गेली.

त्यानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही. आली असती तरी कोणी बोलावलं नसतं, कारण शेजारणींनी माझं वाक्य चार घरी पोचवलं होतं. बाजारातही बायका तिला 'कुठला आहे?' असं विचारून पुढे जाऊ लागल्या. आई रोज वरण करायची. भरवेलीच्या खाणीतून दमून आलेले वडील ताटाकडे बघायचे, मग माझ्याकडे.

त्या माशाचं डोकं मी कॉलेजच्या संग्रहासाठी उकळून घेतलं होतं. आठवड्याने हाडं घासायला बसले, तेव्हा माझे हात थांबले. आम्ही पाहिलेल्या हाडावर पुढचे दोन दात टोकदार होते, पण त्यांच्या मागचे सगळे घासून सपाट झाले होते. दुसऱ्या हाडावर तर एकही टोक नव्हतं. एका जागी दात पडून खड्डा झाला होता आणि त्यातून नवा कोंब वर येत होता. माशाचे दात झिजतात, पडतात, पुन्हा येतात. मी दोन नवे दात पाहून एका बाईला खोटारडी ठरवलं होतं.

आईला हाडं दाखवली. तिने दोन्ही हाडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी उद्या जाईन. आधी तू जा."

मासेवाली घाटावर जाळं शिवत बसली होती. मी हाडं तिच्या तळहातावर ठेवली आणि चुकले म्हणाले. तिने ती उन्हात धरून पाहिली.

"हौ, झडतेच ना. जुना झडते, नवा येते. मले मालूम होतं."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तुले काय सांगू, पोरी? तू तं कालची. पण बाईनं इतक्या सालात पहिल्यांदा माह्याकडं नाही, माशाकडं पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी आई गेली. दोघींचं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण येताना मासेवाली आईच्या बरोबरच आली. मी कुंपणाशी जाऊन शेजारणींना हाक मारली आणि पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं, की मासा नदीचा होता आणि मीच मूर्ख. मासेवाली हसली तेव्हा माझ्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात आणि माशाचा रस्सा मी इतका खाल्ला, की वडिलांनी पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं.

त्यानंतर आईने कल्ला उचलणं सोडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी होते, तेव्हा मासेवालीने टोपली उतरवली आणि राखेला हात लावायच्या आधीच म्हणाली, "बाई, नदी आटली. आज तळ्यातला हाय."

आईने ताट पुढे केलं.

जेवताना वडिलांनी पहिला घास घेतला, जरा थांबले आणि विचारलं, "हा कुठला गं?"

"मावशीचा," आई म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं.