टाकून दिलेले तीन राजे

तो रविवार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. पुढच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण पत्त्यांच्या त्या एका डावात कोणी काय टाकलं, ते मला आजही तोंडपाठ आहे. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं गप्प बसलो, तो माणूस आता हयात नाही, म्हणून लिहितो आहे. नाव तरीही कुणाचंच देणार नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी वसईत फौजदार होतो. कामणच्या बाजूला गोदामं नुकती उभी राहू लागली होती. एका सोमवारी सकाळी तिथले एक मालक फिर्याद घेऊन आले. रविवारी दुपारी गोदामातले कापडाचे तागे गेले होते, तेही टेम्पोभर. पंचनामा करताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती म्हणजे कुलूप शाबूत होतं. चोर किल्लीने आत शिरला होता. किल्ल्या दोनच. एक मालकाच्या कचेरीच्या कपाटात, दुसरी वॉचमनच्या करगोट्याला.

वॉचमन खाडीकडच्या गावचा, पन्नाशीचा, वाळका माणूस. "दिसभर हितंच व्हतो सायेब, दारातून हललो नाय," असं त्याने शपथेवर सांगितलं. संध्याकाळी ठाण्यात एक बिनसहीची चिठ्ठी आली. वॉचमन रविवारी दुपारी गोदामावर नव्हता, वसईला पत्ते खेळत होता, एवढंच तिच्यात लिहिलं होतं. चौकशी केली, तर खरं निघालं. ज्याने एक खोटं सांगितलं तो दुसरंही सांगणार, हा आमचा ठोकताळा. कलम ३८१ लावलं, नोकराने केलेल्या चोरीचं, आणि त्याला आत टाकलं. मी त्याच्या कानाखाली दोन लावल्याही. आज त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

मग तो बोलला. वसईच्या एका गावातल्या मंडळाने तीन पत्तीची स्पर्धा ठेवली होती. पैशांचा खेळ नव्हता, तशी हमी मंडळाने ठाण्यात लिहून दिली होती. प्रत्येकाला सारखे चिंचोके द्यायचे. ज्याचे संपले तो बाहेर. शेवटच्या तिघांना बक्षिसं. गोदामाचा कारकून त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेला होता.

"कुलूप लावूनच गेलो सायेब. चावी अंगावरच व्हती."

"मग आधी खोटं का बोललास?"

"कारकूनसायबांचं नाव कशाला घ्यायचं? त्यांनी मायेनं नेला मला."

कारकुनाला बोलावलं. त्याने सगळं कबूल केलं, वर पश्चात्तापही दाखवला. "माझीच चूक झाली, साहेब. याला पत्त्यांचा नाद आहे म्हणून नेलं." तो स्वतः तीन ते सहा स्पर्धेच्या हॉलमध्ये होता, तीस माणसांनी पाहिलं होतं. त्याच्यावर संशय घ्यायला जागाच उरली नाही.

तीन दिवसांची कस्टडी मिळाली. दोन दिवस वॉचमनने एकच गोष्ट सांगितली, आणि नवल म्हणजे ती चोरीची नव्हती. त्याला तिसरं बक्षीस, प्रेशर कुकर, मिळालं होतं. शेवटी चौघेच उरले होते. त्याच्या हातात नव्वीची जोडी, आणि त्याने होते तेवढे सगळे चिंचोके पुढे सरकवले. "कारकूनसायेब सोता घाबरले. पॅक केलं त्यांनी, पत्ते टाकून दिले! माज्यासमोर!" लॉकअपमध्ये बसून, गालावर माझ्या बोटांचे वळ घेऊन, हा माणूस ते सांगताना हसत होता. मला राग आला. वरिष्ठांचे फोन येत होते, मुद्देमाल सापडत नव्हता, हवालदार "साहेब, जरा पट्टा काढू का" म्हणून मागे लागला होता. त्याला मी एक दिवस थांब म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्पर्धेच्या पंचांकडे गेलो. ते निवृत्त शाळामास्तर, केळीच्या वाडीत राहणारे, गळ्यात क्रूस, बोलणं मोजकं. मी सहज म्हणालो, "तुमच्या स्पर्धेत नव्वीच्या जोडीला लोक घाबरतात म्हणे."

मास्तर म्हणाले, "फौजदारसाहेब, आमच्याकडे एक नियम आहे. चौघे उरले की टाकलेले पत्ते पालथे माझ्या हातात द्यायचे. ते मी एकटा बघतो. साडूसाडू किंवा शेजारी एकमेकांना सोडतात, ते कळावं म्हणून. बघितलेलं बाहेर सांगायचं नाही, हाही नियमच."

"काय होतं कारकुनाकडे?"

"तीन राजे."

पोलीस लाइनीत गणपतीच्या दिवसांत मीही पत्ते कुटले आहेत. तीन सारखी पानं माणसाला वर्षातून एकदा येतात, आणि त्यांच्यापुढे जोडी म्हणजे काहीच नाही. त्यातून चार उरलेले आणि बक्षिसं तीन. अशा वेळी जो तो जीव मुठीत धरून बसतो, आपण चौथे होऊ नये म्हणून बरी पानंही टाकतो. भारी पानं हातात असलेल्याने चिंचोके चढवायचे ते नेमके तेव्हाच. समोरच्याने सगळे चिंचोके पुढे केलेले असताना तीन राजे टाकणारा मूर्ख तरी असतो, नाहीतर त्याला समोरचा माणूस खेळात टिकवायचा असतो. कारकून मूर्ख नव्हता. मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे तो डाव सव्वाचारचा; राजे दाखवले असते तर वॉचमन तेव्हाच बाहेर पडला असता आणि पाचच्या आत, टेम्पो भरत असतानाच, कामणला पोचला असता.

"मास्तर, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मला वाटलं, गरिबाला बक्षीस मिळावं म्हणून सोडलं. नियम लबाडीविरुद्ध होता, साहेब. दयेविरुद्ध नव्हता." मग त्यांना आणखी एक आठवलं. साडेपाचच्या सुमारास एक जण हॉलच्या दारात येऊन पाणी प्यायला. त्याच्या पुढच्याच डावात कारकुनाने पत्ते न बघता सगळे चिंचोके लावले आणि चौथा होऊन उठला. पाणी प्यायला आला तो चंदनसार गावचा टेम्पोवाला. मंडळाच्या खुर्च्या त्याच्याच टेम्पोतून आल्या होत्या.

हवालदाराला चंदनसारला पिटाळलं आणि कारकुनाला समोर बसवलं. टेबलावर तीन राजे मांडले. त्याने एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "दया आली, साहेब. गुन्हा आहे का?"

तासभर तो तेवढंच बोलत राहिला. मला पुढे सरकता येईना. कारण खरोखरच तो गुन्हा नव्हता. टेम्पोवाला हाती लागला नाही तर दुपारी कोर्टात उभा राहणार होता तो वॉचमनच. बाराच्या आधी बाहेर गाडी थांबली. गवताच्या गंजीखालून तागे निघाले होते. टेम्पोवाल्याला दारात बघताच कारकुनाचा चेहरा उतरला. कपाटातल्या किल्लीची नक्कल त्यानेच करून घेतली होती, आणि ती चिठ्ठीही त्याचीच.

वॉचमनला मी स्वतः बाहेर काढलं, चहा दिला, मारल्याबद्दल माफी मागितली. आणि भरात येऊन सगळी हकीकत सांगितली, राजांसकट. वाटलं, माणूस खूश होईल.

त्याने कप खाली ठेवला. "म्हंजे ते घाबरले नव्हते?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मी खेळलोच नाय मंग." मग तो हळू आवाजात म्हणाला, "सायेब, ह्ये कोर्टात सांगाल? गावातली सगली येतील. चोर म्हनली, ते मी सोसलं. पन ह्ये नका सांगू."

मुद्देमाल हातात होता, टेम्पोवाला फुटला होता. मास्तरांचा जबाब मी दारात पाणी प्यायला आलेल्या माणसापुरताच लिहून घेतला. राजांचा एक शब्द कागदावर आला नाही. मास्तरांनी जबाब वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. आरोपींना शिक्षा झाली. पुराव्यातली गोष्ट कमी लिहिली, हे कायद्याने चूकच. तेवढी एक चूक मी जाणूनबुजून केली.

खरं शोधणं हे पोलिसाचं काम. पण ते सापडल्यावर कुणाच्या पदरात टाकायचं, याचं शिक्षण आम्हाला कोणी दिलं नव्हतं. मी ते भलत्या वेळी, भलत्या माणसाच्या पदरात टाकलं.

काही वर्षांनी एका लग्नाला वॉचमनच्या गावी गेलो होतो. मांडवात कुणीतरी मोठ्याने सांगत होतं, आमच्या काकाने त्या लबाड कारकुनाला नव्वीच्या जोडीवर कसं पळवलं. लोक हसत होते. तो खुर्चीत बसून ऐकत होता. त्याची नजर वर आली ती थेट माझ्यावर. सांगणारा म्हणाला, "साहेबांना विचारा, केस त्यांचीच!"

"खरं आहे," मी म्हणालो. वॉचमनने मान खाली घातली.