तीननंतरचा श्वास

ईरा, निहार,

गेल्या रविवारी तुमच्या आईचा फोन आला. निहारला डॉक्टरांकडे नेलं होतं, म्हणाली. बोलताना तो तीन-चार शब्दांनंतर थांबतो, मोठी चढण चढून आलेल्या माणसासारखा श्वास आत ओढतो आणि मग पुढचं बोलतो. छातीचा फोटो काढला, छाती स्वच्छ आहे. सवय असेल, जाईल आपोआप, असं डॉक्टर म्हणाले. त्या श्वासाची आणि माझी फार जुनी ओळख आहे. शकूआजीला जाऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते. तिच्याबद्दल लिहून द्या, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं होतं आणि मला सुरुवात सापडत नव्हती. ती अशी सापडली. म्हणून हे तुम्हा दोघांना उद्देशून लिहिते. इतरांनी वाचायला हरकत नाही.

तुमच्यासाठी ती नाशिकच्या उपनगर भागातल्या घराच्या व्हरांड्यात बसून संत्री सोलून देणारी शकूआजी. आमच्या कॉलेजात ती प्राध्यापक शकुंतला पगारे, इतिहास विभाग. मी तिथेच इंग्रजी शिकवायचे. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला शकूताई म्हणायचे आणि ती मला सुमे. सत्तरचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एका बैठकीत तिनं मांडलं की इटलीचा अभ्यास करणाऱ्यांची एक परिषद आपण नाशकात भरवू. प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मॅडम, कांद्याची परिषद घ्या, द्राक्षांची घ्या. पिंपळगावहून टेम्पो भरभरून माणसं येतील. इटलीसाठी कोण यायचं?”

“द्राक्षं त्यांच्याकडेही आहेत, सर. पहिल्या दिवशी त्यावरच बोलू.”

सगळे हसले, आणि त्या हसण्यात परवानगी मिळून गेली. व्यवस्था माझ्याकडे आली. कुठलीही गोष्ट जागच्या जागी नसली तर मला झोप लागत नाही, हे कॉलेजात सर्वांना ठाऊक होतं. निबंधांच्या स्टेन्सिल कापून घेणं, सायक्लोस्टाइलच्या शाईनं माखलेल्या प्रती वाळत घालणं, वसतिगृहात गाद्या, छातीवर लावायची नावांची कार्डं... यातल्या कशातच शकूताईचं लक्ष नव्हतं. ती रोज येऊन एकच विचारायची, “सुमे, इटालियन माणसं किती येतायत?” शेवटी मी चिडले. म्हटलं, “ताई, परिषद इटलीवर आहे, इटालियनांवर नाही!” तेव्हा तिनं स्टाफरूमचं दार लोटून घेतलं आणि मला ती गोष्ट सांगितली.

तिचे वडील देवळालीच्या लष्करी इस्पितळात ड्रेसर होते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं हे त्यांचं काम. महायुद्धाच्या काळात देवळालीत इटालियन युद्धकैदी ठेवलेले होते. शकूताई तेव्हा आठ-नऊ वर्षांची, बापाचा डबा घेऊन जायची. व्हरांड्यातल्या खाटेवर एक पोरगेलासा कैदी पडून असायचा. त्याची छाती पार कामातून गेलेली. नाव बेपे. ती त्याला बेपेमामा म्हणायची. त्यानं तिला आधी बोटांवर आकडे शिकवले. उनो, दुए, त्रे... इथे त्याला दम लागायचा. तो बरगड्यांखाली उजवा हात दाबायचा, श्वास आत ओढायचा आणि मग क्वात्त्रो. पोरीला वाटलं, आकडे असेच म्हणायचे असतात. वर्ष-दीड वर्षात ती त्याच्याशी घडाघडा बोलायला लागली. बाप ओरडायचा, “पोरी, त्याला लय बोलाया लावू नको. दम राहत नाय त्याच्यात.” तो गेला ते उन्हाळ्याचे दिवस होते. आदल्या दिवशी तिच्या डब्यातली दूधभाकरी त्यानं खाल्ली होती. तिला म्हणाला, माझ्या आईला सांग, बेपे उपाशी नव्हता. ती म्हणाली, सांगते. पण त्याचं आडनाव तिला ठाऊक नव्हतं आणि गावही नाही.

“मोठी झाल्यावर मुंबईत रीतसर इटालियन शिकले, ती याच्याचसाठी,” ती म्हणाली. “पण शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुम्हाला दमा आहे का? नाही गं, काही नाही मला. मराठी बोलताना होतं का असं? त्याची भाषा आली की त्याचा दम येतो. सुमे, कुणीतरी ऐकून ओळखेल की नाही?”

परिषद भरवायची ती एवढ्यासाठी. निरोप पोचवायचा होता, पत्ता नव्हता, आणि पत्त्याच्या जागी तिच्याकडे फक्त एका मेलेल्या माणसाचा श्वास होता.

परिषदेला इटालियन असे एकच आले, प्राध्यापक बियांकी. वर्षभरासाठी मुंबईत शिकवायला आले होते. इटलीच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले, पांढऱ्या मिशांचे. पहिला दिवस ठीक गेला. मुंबईची मंडळी द्वारका चौकात उतरून भलत्याच रिक्षात बसली आणि उशिरा पोचली, एवढाच घोळ झाला. मीही एक निबंध वाचला, इंग्रज प्रवाशांनी पाहिलेल्या इटलीवर, आणि पुढच्या दोन रांगा शांतपणे झोपल्या. शकूताईचा निबंध दुसऱ्या दिवशी जेवणानंतर होता. मसालेभात आणि जिलेबी पोटात, पंखे फिरतायत, लोक पेंगुळलेले. देवळालीच्या कैद्यांविषयी दोन पानं ती इंग्रजीत बोलली. मग तिनं कागद खाली ठेवले आणि इटालियनमध्ये बोलायला लागली.

आकड्यांपलीकडे मी ती भाषा तिच्या तोंडून त्याआधी ऐकली नव्हती. मला कळत काही नव्हतं, पण मी ताठ बसले. तिचे खांदे पुढे आले, उजवा हात बरगड्यांखाली गेला. तीन शब्द, थांबा... तो आत ओढलेला श्वास... पुन्हा तीन शब्द. इतकी वर्षं रोज पाहिलेली ठणठणीत बाई, आणि व्यासपीठावर कुणीतरी दुसरंच उभं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नकळत पाण्याचा ग्लास पुढे केला. हॉलमधलं पेंगणं थांबलं होतं. तिचं बोलणं संपलं तसे प्राध्यापक बियांकी उभे राहिले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, “बाई, तुम्ही तर निरोगी दिसता. मग आजारी कोण आहे?”

“बेपे,” ती म्हणाली. “तो कुठल्या गावचा, एवढं सांगा मला.”

त्यांनी खोरं सांगितलं. तिचे काही शब्द त्यांच्या शेजारच्या डोंगरांतले होते, तिथे पाच-सहा वाड्या होत्या, त्यांपैकी नेमकी कुठली ते त्यांना सांगता येईना. भाषणांची ध्वनिफीत व्हावी म्हणून मी एक कॅसेट रेकॉर्डर मागून आणला होता. तिच्या भाषणाची कॅसेट त्यांनी मागून घेतली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

पुढच्या वर्षी ते परत आले, खास तेवढ्यासाठी. शकूताईच्या घरी, याच व्हरांड्यात बसून त्यांनी सांगितलं. मी चहा ओतत होते. एकेका वाडीत जाऊन त्यांनी कॅसेट वाजवली होती. पहिल्या ठिकाणी लोकांना हिंदुस्थानी बाई आपली बोली बोलते याचंच हसू आलं. तिसऱ्या वाडीत एका घरात चुलीजवळ एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. डोळ्यांनी जवळजवळ अधू. कॅसेट सुरू झाली, तो श्वास आला, आणि तिनं मान वर न करता म्हटलं, “बेपे, दार लावून घे रे, गार वारा येतोय.” घरातल्या माणसांचे हात थांबले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आवाज बारीक झालाय याचा. जेवत नाही वाटतं.”

शकूताईनं विचारलं, “तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“मला काही सांगता आलं नाही. त्याची बहीण मला बाहेर घेऊन गेली, तिला मी खरं ते सांगितलं. युद्धानंतर त्यांना फक्त बेपत्ता एवढंच कळवलं होतं. बहीण म्हणाली, आईला राहू दे असंच. आता ती रोज संध्याकाळी कॅसेट लावायला सांगते आणि त्याच्यासाठी ताट वाढून ठेवते.”

राहू द्यावं, असं मलाही वाटलं. मी तसं म्हटलंही. “ताई, म्हातारीला तिचा मुलगा मिळालाय. कशाला काढून घेतेस?”

“मी काढून घेत नाहीये गं. तो तिचा नाहीच आहे, तो मी आहे. रोज वाढलेलं ताट तसंच राहतंय, सुमे, आणि ती समजतेय की पोरगा घरात येऊनसुद्धा जेवत नाही.”

तिनं नवी कॅसेट मागवली आणि आम्हा दोघांसमोर बोलली. फार नाही बोलली. प्राध्यापकांनी नंतर मला अर्थ सांगितला: आई, मी बेपे नाही, मी देवळालीची शकू. बेपे माझ्या वडिलांच्या हातात गेला. आदल्या दिवशी माझ्या डब्यातलं जेवला. उपाशी नव्हता. हे सगळं तिनं त्याच्याच श्वासात सांगितलं. दुसरा श्वास त्या भाषेत तिच्याजवळ नव्हता. म्हातारीनं ती कॅसेट एकदाच ऐकली, असं पुढे कळलं. मग ताट उचलायला सांगितलं आणि पुन्हा कुठलीच कॅसेट लावू दिली नाही.

मला वाटलं होतं, निरोप पोचला की तो श्वास जाईल. तिलाही तसंच वाटलं असावं. काही महिन्यांनी ती व्हरांड्यात एकटीच आकडे म्हणून बघत होती. उनो, दुए, त्रे... हात बरगड्यांखाली गेलाच. माझ्याकडे पाहून हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. “आता कशासाठी थांबलाय गं हा?”

शेवटची भेट इस्पितळात. तिच्याही छातीत पाणी झालं होतं. मराठीत बोलत होती, आणि दर तीन शब्दांनी थांबत होती. आयुष्यभर उसना वागवलेला तो दम आता तिचा स्वतःचा झाला होता. मी ते ऐकत होते आणि तिच्या लक्षात आलं. म्हणाली, “घाबरू नको... सवय आहे... मला याची.”

निहार, दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत माझ्याकडे असताना तू रोज सकाळी तिच्याकडे जायचास. तिनं तुला बोटांवर दहापर्यंत आकडे शिकवले. संत्र्याच्या फोडी पुढे ठेवून तू मला ते म्हणून दाखवायचास, आणि तीननंतर थांबायचास. मला वाटायचं, चौथी फोड तोंडात आहे.

आईला सांग, काळजी करू नको. देवळालीचं ते इस्पितळ आता तसं राहिलेलं नाही. त्या वाड्यांत आता कुणी राहत नाही, असं प्राध्यापकांनीच कधीतरी कळवलं होतं, तेही गेले. शकूआजी गेली. तुझी छाती स्वच्छ आहे, आणि तीननंतरचा तो श्वास तुझ्यात आहे.