कोल्ड्रिंकच्या बाटलीतलं तणनाशक

मित्रांनो, आज दुपारी कार्ल्यात शेजारच्या मावशींकडे बसलो होतो. शाळेतून आलेल्या त्यांच्या नातीने ओसरीवरची कोल्ड्रिंकची बाटली उचलली.

“ठिव ती! तणनाशक हाय त्यात!” मावशी ओरडल्या.

भातासाठी एकच कॅन आणून शेजाऱ्यांनी रिकाम्या बाटल्यांत वाटून घेतला होता. “समदीच आसं करत्यात, भाऊ,” मावशी म्हणाल्या.

म्हटलं, मग बाकीच्या बाटल्या बघू. एक गोठ्यात होती. दुसरी एका घरी चक्क फ्रिजमध्ये! त्या घरच्या सुनेने कोल्ड्रिंक समजून पाहुण्यांसाठी गार करायला ठेवली होती.

डासांच्या अळ्यांसाठी आरोग्य खात्याची माणसं घरोघर पिंपं तपासतात. ही बाटली कोण तपासणार? विष मूळ डब्यातच, कुलपात हवं.

आज आपापल्या घरातली अशी बाटली शोधा. कुठे सापडली, ते खाली लिहाल?